पिकेल ते पानात

इंग्लंडच्या केंट परगण्यात, समुद्राकाठी, सीसॉल्टर नावाचे खेडे आहे. तिथल्या ‘स्पोर्ट्समन’ या साध्यासुध्या पबला २००८ साली मिशेलिनचा तारा मिळाला. खवय्यांच्या जगात हा मान मोठा! तुम्ही म्हणाल, असे तिथे मिळते तरी काय? अहो, मीठसुद्धा शेजारच्या समुद्राचे पाणी आटवून घरीच केलेले. लोणी घरचे, मासळी-मटण त्याच टापूतले. ऋतूप्रमाणे पान बदलते.

आता आपल्या हमरस्त्यावरची खानावळ आठवा. पावसाळ्यात मागच्या बांधावर टाकळा, कुर्डू माजलेला. आणि आत पाहुण्याला बारमाही पनीर! गुरुजी, येत्या आषाढात मुलांना बांधावर न्याच. मात्र एखाद्या आजीला बरोबर घ्या. खायचे पान कोणते, टाकायचे कोणते, हे आता तिलाच ठाऊक आहे.