ऊन सरकतं, तशी सोलर प्लेट फिरवा

आम्ही हिंजवडीजवळच्या एका बचत गटातल्या बाया. संध्याकाळी आयटी पार्क सुटला की रस्त्याकडेला भाजी मांडतो. उजेड नसला की गिऱ्हाईक थांबत नाही. म्हणून गटाच्या पैशातून 20 वॅटची सोलर प्लेट, कंट्रोलर, 12 व्होल्टची 7 अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी आणि 5 वॅटचे दोन दिवे घेतले.

पहिली बॅटरी आम्हीच घालवली. आषाढात ढगांमुळे ती भरत नव्हती, तरी रोज दिवे मंद होईपर्यंत वापरली. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की आत थर बसतो, मग ती पुन्हा नीट भरत नाही. ऐन गौरी-गणपतीत आम्ही अंधारात बसलो. माल तसाच घरी नेला.

मग हिशेब शिकलो. 12 गुणिले 7 म्हणजे 84 वॅट-तास. बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरायचे. दोन दिवे चार तास लावले की 40 जातात. कडक उन्हात एवढं एका दिवसात भरून निघतं. दाट ढगांत मात्र चौथा-पाचवा हिस्साच मिळतो. म्हणून पावसाळ्यात एकच दिवा, तोही तीन तास. शिवाय आठवड्यातून एकदा घरच्या विजेवर, योग्य चार्जरने, बॅटरी पूर्ण भरून घेतो.

आता ऊन कसं धरायचं? मेच्या मध्याला आपल्याकडे दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा प्लेट जवळजवळ आडवी ठेवा. डिसेंबरात तो दक्षिणेला कलतो. तेव्हा प्लेटचं तोंड दक्षिणेला करा आणि ती बरीच उभी करा. अंश मोजायला नकोत. प्लेटच्या चौकटीवर एक काडी सरळ उभी धरा. काडीची सावली नाहीशी झाली की प्लेट सूर्यासमोर आली.

हिवाळ्यात उंच इमारतींची सावली लांब पडते. प्लेटच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी वीज बरीच घटते. म्हणून जागा बदला. बांधकामाची धूळ ओल्या फडक्याने पुसा, पण सकाळी, प्लेट गार असताना. उन्हाळ्यात प्लेट तापली की वीज कमी देते, म्हणून खालून वारा खेळू द्या. बॅटरी नेहमी सावलीत ठेवा.

दुसरी बॅटरी पावसाळा काढून गेली. यंदा गौरीच्या भाज्या उजेडात विकल्या. तुमच्या गटातही एकीकडे वही द्या. बॅटरी कधी भरली, दिवे किती तास लागले, रोज दोन ओळी लिहा. येतो आम्ही. रामराम.