जखमी माशाची शुश्रूषा
(प्राथमिक शिक्षकांपुढे झालेले भाषण)



छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहावयास आलेली मुले चक्कीपेक्षा हौदातील माशांपाशीच अधिक रेंगाळतात. अशाच ओढीतून एखाद्या घरी किंवा शाळेत काचेची पेटी येते, मासे येतात. आणि एके दिवशी एखाद्याची शेपटी फाटलेली किंवा अंगावरचे खवले निघालेले दिसतात. "जाऊ द्या, दुसरा आणू," हे उद्गार अशा वेळी सहज निघतात. परंतु त्या एका वाक्याने मुलांना जो धडा मिळतो, तो पुढे कितीही पाठ शिकवले तरी पुसणे कठीण.

माशाला वेदना होत नाहीत, हा समज आता टिकणारा नाही. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ट्राउट माशांवर केलेले संशोधन प्रसिद्ध केले. इजा जाणणारे मज्जातंतू त्यांना माशाच्या डोक्यात आढळले. ओठाला दाहक द्रव्य टोचले असता मासे ओठ तळच्या खड्यांवर घासू लागले. आपल्याकडील प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०, यातही 'प्राणी' या शब्दात मनुष्येतर प्रत्येक सजीव येतो. तेव्हा पेटीतील मासा ही शोभेची वस्तू नव्हे.

प्रथम जखमेचे कारण शोधावे. अणकुचीदार दगड, जाळीने केलेली घाईची पकड, अपुऱ्या जागेतील भांडणे, ही नेहमीची कारणे होत. कारण दूर केल्यावाचून केलेला उपचार व्यर्थ ठरतो. माशाच्या अंगावर बुळबुळीत लेप असतो. रोगजंतूंपासून रक्षण करणारे ते त्याचे कवचच होय. कोरड्या हाताने मासा धरल्यास ते कवच निघून जाते. म्हणून त्याला पाण्यातच वाडग्यात अलगद घेऊन, पेटीतलेच पाणी भरलेल्या स्वच्छ टबात वेगळा ठेवावा. साबण लागलेले भांडे वापरू नये. जखमेवर हळद लावण्याचा मोहही आवरावा.

माशाचे खरे औषध पाणी हेच आहे. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडत असतो. रुळलेल्या पेटीत उपयुक्त जिवाणू त्याचे रूपांतर करून त्याची बाधा कमी करतात. हे जिवाणू वाढण्यास काही आठवडे लागतात. नव्या टबात ते नसतातच. म्हणून टबातील चौथा हिस्सा पाणी रोज बदलावे. सगळे पाणी एकदम बदलल्यास अशक्त माशाला धक्का बसतो. नवे पाणी नाथसागराचे असो वा गावच्या विहिरीचे, त्यात क्लोरीन मिसळलेले असू शकते आणि ते कल्ले पोळते. असे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात एक दिवस उघडे ठेवावे आणि टबातील पाण्याइतकेच कोमट किंवा थंड असल्याची खात्री करून मगच घालावे.

गोड्या पाण्यातील माशाचे शरीर पाण्यापेक्षा खारट असते. त्यामुळे जखमेतून पाणी आत शिरते, क्षार बाहेर जातात, आणि माशाची शक्ती त्यांचा तोल सांभाळण्यात खर्च होते. हा भार थोड्या मिठाने हलका होतो. १० लिटर पाण्यास १० ग्रॅम साधे खडेमीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू घालावे. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही. म्हणून जेवढे पाणी बदलले, तेवढ्यापुरतेच नवे मीठ घालावे. पेटीतील वनस्पतींना व काही जातींच्या माशांना मीठ सोसत नाही. म्हणून हा उपचार टबातच करावा.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आणखी दक्षता हवी. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो; ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. मासा पृष्ठभागी येऊन तोंड उघडमीट करू लागला, तर टब सावलीत हलवून हवेचा पंप लावावा. खाणे थोडेच द्यावे व उरलेले काढून टाकावे.

पराचे मूळ शाबूत असेल तर फाटलेला पर पुन्हा वाढतो. निघालेले खवलेही नव्याने येतात. परंतु जखमेवर कापसासारखी पांढरी बुरशी आली किंवा लाली पसरू लागली, तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. मनाने औषधे ओतू नयेत.

मासा नकोसा झाला म्हणून विहिरीत वा ओढ्यात सोडू नये. त्याबरोबर रोगही जातो आणि परकी जात मोकळ्या पाण्यात शिरते. डासांच्या अळ्यांसाठी आरोग्य विभाग गप्पी मासे सोडतो. ती योजना त्या विभागाच्या देखरेखीची आहे.

शुश्रूषेचे काम दोन-दोन मुलांकडे पाळीने सोपवावे. पाणी केव्हा बदलले, मीठ किती घातले, मासा खातो की नाही, हे त्यांनी वहीत लिहावे. त्यातून मापन, निरीक्षण व लेखन आपोआप घडते. सुट्टीत पेटी कोण सांभाळणार, हे पेटी आणण्यापूर्वीच ठरवावे. ठरत नसेल तर पेटी आणूच नये. आणि इतके करूनही मासा दगावला, तर तो मुलांच्या नकळत टाकून देऊ नये. वही उघडून काय घडले ते त्यांच्यासह वाचावे, आणि शाळेच्या आवारातील झाडाखाली त्याला पुरावे. आपल्या हाती आलेल्या जिवाची निगा शेवटपर्यंत राखायची असते, हे मुलांना त्यातून कळेल.