समासांतील मनन

ख्रिस्ती भगिनी वर्षांतून एखादे वेळीं घरदार मागें ठेवून दोन-तीन दिवस प्रार्थना व मनन यांसाठीं एकत्र जमतात. अशा एकांतवासास निघतांना सामानाची तयारी होते, मनाची बहुधा राहून जाते. या दुसऱ्या तयारीची एक रीत अलीकडे रूढ होत आहे. पवित्र शास्त्रांतील नेमलेला भाग वाचावयाचा, आणि मनांत जें उठेल तें पानाच्या समासांत शब्दांनीं, रेघांनीं, रंगांनीं उतरावयाचें. तिच्याविषयीं आज चार शब्द बोलणार आहें.

धर्मग्रंथावर लिहावयाचें, हें ऐकून पुष्कळांस दचकल्यासारखें होईल. पुस्तकावर रेघा ओढणाऱ्या मुलांस रागें भरण्यांत माझें आयुष्य गेलें. तरीहि मला यांत अनादर दिसत नाहीं. आपल्या जुन्या पोथ्यांना समास असत, आणि वाचणारे त्यांत कठीण शब्दांचे अर्थ व सुटलेलीं अक्षरें टिपून ठेवीत. युरोपांतील मठवासी लेखकांनीं हस्तलिखित ग्रंथांच्या कडा वेलींनीं व पाखरांनीं भरून टाकल्या.

आपल्या महाराष्ट्रांत तर स्त्रियांनीं याहून मोठें काम केलें. पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, साध्या बायकांस समजेल अशा मराठींत सबंध बायबल भाषांतरिलें. आणि केडगांवच्या मुक्तिसदनांतील स्त्रियांनीं खिळे जुळवून तें छापलें. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं निवर्तल्या. ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या ग्रंथाचें अक्षर न् अक्षर स्त्रियांच्या हातांतून गेलें, त्याच्या समासास पेन्सिल लावतांना स्त्रीनें कां कचरावें?

आरंभास रूथचें पुस्तक घ्यावें, असें मी सुचवीन. अध्याय चारच, चार संध्याकाळीं पुरे होतो. बेथलेहेम या नांवाचा अर्थ भाकरीचें घर. आणि त्याच गांवीं दुष्काळ पडल्यानें नामीचें कुटुंब परमुलखांत जातें. आमच्या टेंभुर्णीच्या परिसरांत १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आजीबाई अजून आहेत. त्यांना हा अध्याय समजावून द्यावा लागत नाहीं. पुढें रूथ परक्याच्या शेतांत सरवा वेंचते. मराठी बायबलांतील हा शब्द आमच्या शिवारांतलाच आहे. तिथें पीक सातूचें असलें, तरी आमच्या बाईनें समासांत ज्वारीचें कणीस काढलें तर मला तें अधिक खरें वाटेल. बाजारांत चिकटवावयाचीं तयार चित्रें मिळतात. तीं सुबक असतात, पण मनन दुसऱ्याकडून करवून घेतल्यासारखें होतें.

पहिल्या अध्यायाच्या शेवटीं नामी परत येते. पति गेला, दोन्ही मुलगे गेले. ती म्हणते, मला नामी म्हणूं नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. देवानें मला रिकामें आणलें, असें ती उघड बोलते. सभेंत कधींहि तोंड न उघडणारी एखादी विधवा या ओळीपाशीं थबकेल. कदाचित् ती समासांत फक्त एक तारीख लिहील. कदाचित् कांहींच न लिहितां जागा कोरी ठेवील. तीहि नोंदच होय. सर्व पानें रंगलींच पाहिजेत, असा हट्ट कोणीं धरूं नये.

बायबलाचा कागद फार पातळ असतो. शाई पाठीमागें उतरते आणि पाण्याच्या रंगानें पान सुरकुततें. म्हणून साधी किंवा रंगीत पेन्सिल बरी. ज्यांना ग्रंथावर लिहिणें रुचत नाहीं, त्यांनीं वही घ्यावी. वाचतां न येणाऱ्या बाईस लेकीनें किंवा सुनेनें अध्याय वाचून दाखवावा. रोज अंगणांत रांगोळी घालणाऱ्या हाताला चित्र काढावयास शिकवावें लागत नाहीं.

एकांतवासाच्या पहिल्या बैठकींत ज्यांना दाखवावेंसें वाटेल त्यांनीं आपलें पान उघडावें. ज्या उघडणार नाहींत, त्यांना चालिका-भगिनीनें कारण विचारूं नये. आणि कोणाचें चित्र सुंदर, हा प्रश्न तर मुळींच काढूं नये.