उंबरठ्यावरून पाहिलेलं महाभारत

(दहावी १९९४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘आपल्या वेळचा टीव्ही’ हा विषय दिला. सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणजे टीव्हीतलंही कळत असणार, असा त्यांचा समज दिसतोय. घरचा स्मार्ट टीव्ही मला अजून मुलाला विचारूनच लावावा लागतो, हे आधीच सांगून टाकते.

आपल्या लहानपणी तो प्रश्नच नव्हता. चॅनल एकच. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं आणि आपल्यापर्यंत ते सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून यायचं. म्हणून सासवडमधल्या सगळ्या अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभ्या असायच्या. त्यावर कावळा बसला की पडद्यावर मुंग्या. मग बाबा पत्र्यावर, मी दारात, आई टीव्हीसमोर. “आलं का?” “आलं, आलं... गेलं!”

‘आमची माती, आमची माणसं’ शेती नसलेलेही बघायचे. सातच्या बातम्या लागल्या की दिवेलागण झाली असं समजायचं. ‘साप्ताहिकी’ बघून आपण पुढच्या आठवड्याचा अभ्यास ठरवायचो, म्हणजे कधी करायचा नाही ते. ‘व्यत्यय’ची पाटी आली तरी कुणी उठायचं नाही, कारण उठलं की जागा गेली.

‘रामायण’ जानेवारी १९८७ मध्ये सुरू झालं, तेव्हा आपण तिसरीत होतो. २ ऑक्टोबर १९८८ ला ‘महाभारत’ आलं, तेव्हा पाचवीत, या शाळेत नवीन. आमच्याकडे लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. रविवारी सकाळी अर्धी गल्ली आमच्या पुढच्या खोलीत असायची. दारात चपलांचा ढीग, आजीची उदबत्ती, सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेली माणसं. ‘तेव्हा सगळे एकत्र बसून बघायचे’, असं मी ऑफिसातल्या तरुण मुलांना कितीदा अभिमानानं सांगितलंय.

ते पूर्ण खरं नाही. आपल्या वर्गातली एक मुलगी यायची, ती सतरंजीवर बसायची नाही. ती उंबरठ्याच्या बाहेर, चपलांशेजारी बसायची. आजीचा तसा नियम होता. का होता, ते घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. पावसात तिची पाठ भिजायची. आजी वाटीतून सगळ्यांना खडीसाखर द्यायची, तिच्या हातावर मात्र वरून टाकायची.

आता तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिला ओळखलं असेल. कारण सोमवारी ऑफ तास असला की मराठीच्या बाई तिला पुढे बोलवायच्या आणि ती कालचा अख्खा भाग करून दाखवायची. भीष्म तीच, शकुनी तीच, द्रौपदी तीच. फूटपट्टीचं धनुष्य. ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता, त्यांनी ‘महाभारत’ तिच्याकडूनच पाहिलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिल्या बाकावर असायचे. तिनं ते कुठे बसून पाहिलंय, हे वर्गात फक्त मला माहीत होतं.

आजी कडक होती हे खरं. पण मी दहा वर्षांची होते, मला बोलता येत होतं. जून १९९० मध्ये मालिका संपेपर्यंत मी एकदाही “आत ये” म्हटलं नाही. पुढे केबल आली, तिच्याकडे टीव्ही आला, तिचं येणं थांबलं आणि मीही विसरून गेल्यासारखं केलं.

हा विषय मिळाला तेव्हा मी तिला फोन केला. हे सांगू का, असं विचारलं. ती म्हणाली, “सांग की. पण हेही सांग, तिथून पडदा तिरका दिसायचा. मला रथ दिसला तर घोडे दिसायचे नाहीत.” आम्ही दोघीही हसलो. मग थोडं थांबून म्हणाली, “दर रविवारी वाटायचं, आज तरी तू बोलावशील.”

त्यावर मला काही बोलता आलं नाही. आज बोलते. माझं चुकलं. आजीचं नाव पुढे करून मला सुटायचं नाही.

ती आता शिक्षिका आहे आणि इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. बाई, तुमची परवानगी असेल तर आजचा हा तास ऑफ समजा आणि पाच मिनिटं तिला द्या. फूटपट्टी मी आणली आहे. आम्ही सगळे खाली सतरंजीवर बसतो.