मोटारीची कळ आणि चालकाची नजर

टेंभुर्णीहून निघून जालन्याजवळ समृद्धी महामार्गास लागलेल्या मोटारीस तेथें ताशीं १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. म्हणजे सेकंदास सुमारें ३३ मीटर! गारवा कमी करावयास चालकानें समोरच्या काचेरी पडद्याकडे दोनच सेकंद पाहिलें, तरी गाडी सुमारें ६७ मीटर आंधळी धांवते. जुन्या फिरत्या बटणाचें तसें नव्हे. तें बोटांस स्पर्शानेंच ओळखूं येतें आणि नजर रस्त्यावर राहते. म्हणूनच 'युरो एनकॅप' या संस्थेनें २०२६ पासून वळणाचा दिवा, भोंगा, वायपर यांस स्वतंत्र कळ असल्यासच त्या बाबतींतले पूर्ण गुण देण्याचें ठरविलें. पडदा देखणा खरा. परंतु मोटार विकत घेण्यापूर्वी, ती उभी असतांना, डोळे मिटून हवी ती कळ हातास लागते कीं नाहीं, एवढें अवश्य पाहावें.