लेखनाचे टाचण आणि नवे यंत्र

(शेगाव येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



स्मरणिकेकडे येणारे लेख तपासण्याचे काम काही वर्षे आमच्याकडे आहे. यंदा दिवंगतांविषयीचे पाच लेख पाच घरांतून आले. परंतु पाचही व्यक्ती सारख्याच 'कष्टाळू, प्रेमळ आणि मूल्ये जपणाऱ्या' निघाल्या! मुलांनी मोबाइलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेकडून ते लिहवून घेतले होते, हे उघड होते. गाइडमधून उतरविलेला निबंध आम्ही शाळेत दुसऱ्या ओळीलाच ओळखीत असू. ती जुनी विद्या येथे कामास आली.

तथापि इतरांस बोल लावण्यापूर्वी आमचा स्वतःचा अपराध कबूल करणे भाग आहे. आमचे थोरले चुलतबंधू वारले, तेव्हा त्यांच्यावर चार शब्द लिहावयाचे ठरले. आम्ही जुने मॅट्रिक; हात अडखळतो. नातवाने मोबाइल पुढे केला. आम्ही चार वाक्ये सांगितली आणि अर्ध्या मिनिटात दोन पाने तयार झाली. आम्ही 'पऱ्हाटी' म्हटले होते, तिचे 'पीक' झाले. बंधूंचा जन्म १९४६ चा. यंत्राने त्यांना १९४२ च्या चळवळीत धाडून दिले. ते वाक्य आम्ही खोडले, बाकीचा लेख मोठ्या अभिमानाने वहिनींस वाचून दाखविला. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "भाऊजी, हे कोनाबद्दल हाये?"

त्या प्रश्नाने आम्ही खजील झालो. मग या यंत्राची रीत समजून घेतली. चॅटजीपीटी हे साधन २०२२ च्या नोव्हेंबरात सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर तशी अनेक आली. अफाट लिखित मजकुरावरून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ती शिकलेली असतात. त्यामुळे जे हजारोंनी लिहिले, तेच ती सफाईने लिहितात. त्या मजकुरात इंग्रजीचा भरणा फार, मराठी थोडी, आणि आपली वऱ्हाडी तर नावापुरती. आपल्या माणसाविषयी त्यात काहीच नसते. मग रिकामी जागा यंत्र कल्पनेने भरते. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी अशा साधनाने सुचविलेले, मुळात अस्तित्वातच नसलेले निवाडे कोर्टापुढे ठेवले आणि कार्यालयासह ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला.

मग हे यंत्र टाकून द्यावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. शिक्षक वर्गावर जाण्यापूर्वी पाठाचे टाचण काढतो. लेखनाचेही टाचण असते, आणि तेथे हे यंत्र खरोखर उपयोगी आहे. दुसऱ्या खेपेस आम्ही प्रथम कागदावर स्वहस्ते आठवेल ते उतरविले. नंतर यंत्रास बजावले, "तू लिहू नकोस. मी एका जिनातील हिशेबनीस बंधूंवर, त्यांना ओळखणाऱ्या घरांसाठी लिहीत आहे. मला वीस प्रश्न विचार." प्रश्न आले. बहुतेक कुचकामी होते. 'त्यांचा जीवनसंदेश कोणता?' असले. परंतु एक प्रश्न होता : कामावरून घरी आल्यावर ते सर्वांत आधी काय करीत?

उत्तर आम्हांस येईना! पन्नास वर्षे ज्यांच्याकडे जाणे-येणे, त्यांच्याविषयी हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. जवळच्या माणसास सर्व ठाऊक असल्यासारखे वाटते, म्हणून तो विचारीत नाही, परका विचारतो. आम्ही वहिनींकडे गेलो. त्या म्हणाल्या, ओसरीवर बसून ते टोपीला आणि सदऱ्याला चिकटलेली रुई वेचीत आणि एका डब्यात ठेवीत. देवाच्या वर्षभराच्या वाती तिच्यातूनच होत. मात्र जिनातून चिमूटभर कापूस त्यांनी कधी मागून आणला नाही. तो डबा अद्याप फडताळात आहे. हे सांगताना वहिनी बऱ्याच दिवसांनी हसल्या.

विचारीत फिरणे ही आपल्या वऱ्हाडची जुनी रीत आहे. १३ व्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले, ते चक्रधरस्वामींच्या सहवासातील माणसांना गाठून, त्यांच्या आठवणी विचारून. ज्या रिद्धपुराशी हे कार्य जोडलेले आहे, तेथे आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. म्हाइंभटांना प्रश्न सुचविण्यास यंत्र नव्हते; आपल्याला आहे, पण उठून जावयाचे कष्ट आपलेच.

लेख पुरा झाल्यावरही यंत्रास एक गोष्ट विचारावी : परक्या वाचकास यात काय कळणार नाही? आम्हांस त्याने 'जिन म्हणजे काय?' असे विचारले, ते योग्यच होते. पुण्या-मुंबईत वाढलेल्या आपल्या नातवंडांनाही ते कळले नसते. सन, गाव, नाते मात्र यंत्रास विचारू नये. त्यासाठी शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आहे, घरातील जुनी पत्रे आहेत, आणि अजून काही वृद्ध मंडळी आहेत. घरचे आजार, वाटण्या, भांडणे हीही त्याच्या कानी घालू नयेत. तो मजकूर कोठे जातो, हे आपल्या हाती नसते.

पाचही लेख आम्ही त्या त्या घरी परत पाठविले आहेत, प्रश्नांसह. रागावू नये ही विनंती. आज या मंडपात ऐंशी ओलांडलेली काही मंडळी बसली आहेत. जेवणाच्या पंगतीत मुलांनी त्यांच्या शेजारी बसावे. प्रश्नांची यादी चिटणीसांकडे ठेवली आहे, ज्यांस हवी त्यांनी उतरवून घ्यावी.