खाज्या नाईकाची नोकरी
(वरणगाव येथील भाषणातून)

काडतुसांच्या कारखान्याच्या या गावात एका बंदूकधाऱ्याविषयी बोलतो. खाज्या नाईक हा कंपनी सरकारचा सेंधव्याच्या घाटातील राखणदार. घाटातील मालावर कर घेणे हा भिल्ल नाईकांचा जुना व्यवहार. कंपनीने त्यांनाच पगारी केले. लुटारूला राखणदार करण्याचे हे अर्थकारण स्वस्त होते खरे, पण पगार साहेबाच्या मर्जीचा! खाज्याच्या ताब्यातील एक आरोपी दगावला. त्याला तुरुंगवास झाला, नोकरी गेली. १८५७ साली सरकारला त्याचीच गरज भासली, तेव्हा पुन्हा कामावर घेतले. तो उलटला, सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला लढाई झाली. सरकारच्या बाजूस १८२५ साली आउट्रमने उभारलेली भिल्ल पलटणही होती. भिल्लांवर भिल्लांच्याच गोळ्या! पकडलेल्या अनेकांना तेथेच गोळ्या घालण्यात आल्या. खाज्या निसटला, १८६० साली त्याला दग्याने मारले.